एक भाऊ

शनिवारची रात्रपाळी संपवून रविवारी सकाळी साडेनऊला मंडळीपुढं उभं राहायचं होतं. माझी पाळी होती. दोन्हीला आपल्याकडं शब्द एकच. गिरणीतली पाळी चुकली तर खाडा पडतो. उपदेशाची चुकली तर म्हातारी माणसं आठवडाभर तोंडाकडं बघत नाहीत.

रात्री तीनच्या सुमाराला रिंग खात्यात डोळे आपोआप मिटायला लागतात. एकेका फ्रेमला हजारावर चात्या. धागा तुटला की चाती थांबवायची, बोटानं सांधायचा, पुढं सरकायचं. आवाज असा की शेजारचा मेला तरी कळायचं नाही. त्या आवाजात मी उपदेश मोठ्यानं म्हणून बघत होतो. जोडीदार समोरून आला. माझे ओठ हलताना बघून त्यानं खुणेनं विचारलं, गाणं म्हणतोस काय? मी मान हलवली, हो म्हणून.

खोटं बोललो. दोस्तांनो, ते खोटं का बोललो तेच इथं सांगायचंय. जोडीदार जयभीमवाला. मीही जयभीमवाला. आमच्या अभ्यासमंडळात आम्ही आठ-नऊ पोरं 'बुद्ध आणि त्याचा धम्म' पान पान करून वाचतो, भांडतो, चहा पितो. नववीत शाळा सुटलेल्या माझ्यासारख्याला त्या खोलीनं शिकवलं. माझ्या कविता तिथं पहिल्यांदा ऐकल्या गेल्या. पण रविवारी सकाळी मी कुठं असतो हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नव्हतं. झोपतो म्हणायचो.

आमच्या घरी 'सलाम' म्हणतात. दारातून बाहेर पडलो की 'जयभीम'. पोरपणापासून ही जीभ अशी दोन्हीकडं वळते.

नगर जिल्हा आमचा, आता अहिल्यानगर. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले. शिकलेली वरच्या जातीची माणसं येतील ही त्यांची आशा. आली ती बोटावर मोजण्याइतकी. आला तो महारवाडा, मागून मांगवाडा. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर तर जास्तच. माझ्या पणज्याचा बाप त्यातला. पोटासाठी बाटले, असं लोक म्हणतात. असतील. भुकेल्याला भाकरी देणाऱ्याचा देव बरा वाटला तर लाज कुणाला वाटायला पाहिजे? भुकेल्याला, का ज्याच्या कणगीत धान्य असून त्यानं दिलं नाही त्याला?

पुढं वस्तीत मिशनची शाळा आली. एक मास्तर. आठवडाभर तोच बाराखडी शिकवायचा आणि रविवारी तोच उपदेश करायचा. आजोबा त्याच्या हाताखाली शिकले. मग मिशनचे पैसे आटले, शाळा मिटली, मास्तर दुसरीकडं गेला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली. सीएनआय म्हणतात ती. बाबासाहेबांच्या दीक्षेनंतर चौदा वर्षांनी, त्याच शहरात. आमच्या देवळावरची पाटी बदलली. वस्तीत राहणारा पाळक काही मिळाला नाही. एका पाळकसाहेबाकडं गावं पुष्कळ. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोटारसायकलवर येतात, प्रभुभोजन देतात, बाप्तिस्मा असला तर उरकतात, चहा घेतात, पुढच्या गावाला जातात. उरलेले रविवार आमचे आम्ही.

म्हणजे ही पाळीची पद्धत आमच्याकडं कुठल्या सिद्धांतातून आली नाही. पैसे संपले म्हणून आली. सिद्धांत मागून सापडला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सांगतो, की एकत्र जमाल तेव्हा प्रत्येकाकडं काहीतरी असू द्या, कुणाकडं गीत, कुणाकडं शिकवण, आणि एकामागून एक सगळ्यांना बोलता येईल. आमच्या आजोबांनी हा अध्याय मुठीत धरला. पौल स्वतः तंबू करणारा कारागीर, हाताला घट्टे असलेला. पेत्र कोळी. मग आम्ही का नाही?

पाळीनं बोलणाऱ्यांत गवंडी आहे, एसटीतला मेकॅनिक आहे, एक शिवणकाम करणारी बाई आहे, अंगणवाडीतल्या एक ताई आहेत, आणि मी. सगळेच काही सांगण्यासारखं सांगतात असं नाही. मेकॅनिक काका तीन वर्षं उधळ्या पुत्रावरच बोलतायत, कारण त्यांचा पोरगा पुण्याला जाऊन परत आला नाही. एक जण शेजाऱ्याचं नाव न घेता शेजाऱ्याला झोडपतो. एक जण म्हणतो, जे झालं ते देवाच्या मर्जीनं. कोंबडीचोरीपासून पुरापर्यंत. मला त्याचा संताप येतो. पण पुढच्या रविवारी दुसरा कुणी उभा असतो, हा ह्या पद्धतीचा मोठा फायदा. पगारी उपदेशकाला तुम्ही वर्षानुवर्षं ऐकता. आमच्याकडं वाईट उपदेश एका आठवड्यात संपतो.

आणि गाणी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांची पदं, अभंग आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ. पेटी, टाळ, ढोलकी. कुणी म्हणतं, बामणानं महारांच्या तोंडी अभंग दिला. मला तसं वाटत नाही. अभंग चोखोबाचा होता. फिरून घरी आला एवढंच.

माझा विश्वास कुठून आला हे मला नेमकं सांगता येतं. एका म्हातारीच्या झाडूतून.

नानी आमच्या मंडळीतली. मांगवाड्यातली. अक्षर वळखत नाही. ग्रामपंचायतीत झाडायला होती, बाजारतळ, चावडी, गटारीची कड, सगळं. मी चौदा-पंधरा वर्षांचा असंन. त्या दिवशी ज्याची पाळी होती तो आलाच नाही. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. नानी उठली, नातीला म्हणाली, "वाच गं लूक पंधरा." नातीनं वाचलं. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हरवलेला पोरगा. तिन्ही गोष्टी. नानीनं पहिली आणि तिसरी सोडून दिली.

म्हणाली, "मेंढरं आपल्याकडं नव्हती. जमीनजुमला वाटून मागायला बापाकडं काय नव्हतंच. पर ही मधली बाई मला ठावं हाय. धा नाणी तिची, एक हारपलं. दिवा लावला, झाडू घेतला, घर झाडलं. सापडंपरीस झाडलं. येशूनं सांगितलं, देव आसा आसतो. आता बघा. देव मेंढक्यासारखा म्हणलं, कुणी हासलं न्हाई. बापासारखा म्हणलं, हासलं न्हाई. झाडणाऱ्या बाईसारखा म्हणलं तर ह्यो गवंडी हासतोय." आणि गवंडी खरंच हसत होता. "मी जलमभर झाडलं. लोकं नाकाला पदर लावून गेली. माझ्या झाडूकडं बघून आजपतोर कुणी म्हणलं न्हाई की देव आसा दिसतो. त्यानं म्हणलं." आणि खाली बसली. पाच मिनिटं झाली नसतील.

मी आजतागायत त्या पाच मिनिटांतून बाहेर पडलेलो नाही. आकाशातल्या सिंहासनावर माझा विश्वास बसत नाही. नरकाच्या आगीवर तर नाहीच, गिरणीत पत्र्याखाली मे महिना काढलेल्या माणसाला आगीची गोष्ट सांगू नये. पण वाकून, दिवा लावून, कचऱ्यातनं हारपलेलं शोधणारं कुणीतरी आहे, ह्यावर बसतो. रात्री तीनला सूत सांधताना मी त्याच्याशी बोलतो. प्रार्थनाच ती. लाज वाटत नाही लिहायला. आतापर्यंत वाटत होती.

मागं बायबल शाळेतून शिकून आलेला एक पोरगा नानीला म्हणाला, त्याच चौदाव्या अध्यायात पौलानं बायकांना मंडळीत गप्प बसायला सांगितलंय. खरं आहे, सांगितलंय. सगळ्यांनी बोला म्हणून काही ओळी झाल्यावर बायकांनी गप्प बसा. माणूस एकाच कागदावर दोन्ही लिहू शकतो. नानी म्हणाली, "कबरीवर पयल्यांदा कोण गेलं हुतं बाबा, बाप्ये का बाया? बायांनी यिऊन सांगितलं तवा बाप्यांना खरं वाटलं न्हाई. लूकातच हाय. वाच, तुला वाचता येतंय." पोरगा आता पाळी असली की नानीला आधी सलाम करतो.

अभ्यासमंडळातल्या दोस्तांचा प्रश्न मला पाठ आहे. कुणी विचारायच्या आधी मीच मला विचारतो. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा देऊन रस्ता दाखवला, मग तू अजून परक्यांच्या देवाकडं का? बाबासाहेब आमच्या लोकांशी थेट बोललेत. १ जानेवारी १९३८, सोलापूर. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, म्हणजे सव्वादोन वर्षं झालेली. ख्रिस्ती लोकांच्या सभेत त्यांनी सांगितलं की बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोघांनी आपल्या मनाची पकड घेतली. आणि मग झोडपलं. तुम्ही शिकलात, पण अन्यायाविरुद्ध उठला नाहीत; दक्षिणेत तर चर्चमध्येसुद्धा जात पाळली जाते. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आमच्या मंडळीत मी एवढे उपदेश ऐकले, जात हा शब्द एकदाही ऐकला नव्हता. पाप ऐकलं, दारू ऐकली, क्षमा ऐकली. जात नाही. जणू ती वेशीवर चपलांजवळ सोडून आत येतो आम्ही.

सोडून येत नाही. आजोबांच्या वेळेला प्रभुभोजनाच्या प्याल्याला आधी महार तोंड लावायचे, मग मांग. नियम कुठं लिहिलेला नव्हता. रांगच तशी लागायची. आजही लागते. कुणाला विचारलं तर म्हणतील, छे, तसं काही नाही, जो जिथं बसतो तिथून उठतो.

माझ्या पाळीला हेच बोलायचं ठरवलं होतं. आणि तिथंच वही आडवी आली.

वही म्हणजे उपासनेची वही. तारीख, शास्त्रवाचन, उपदेश कुणी केला, हजेरी, दान. आजोबांच्या वेळच्या वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत. उपदेशाच्या रकान्यात आजोबांचं नाव बापाच्या नावासकट, आडनावासकट. ठसठशीत. साधारण १९८० नंतर पानं बदलत जातात. नावं कमी होतात आणि त्या जागी येतं, 'एक भाऊ'. 'एक बहीण'. पुढची पानंच्या पानं. एक भाऊ, एक भाऊ, एक बहीण, एक भाऊ.

का, ते तुम्हाला सांगायला नको. पोरं कॉलेजात जायला लागली. दाखल्यावर 'हिंदू महार'. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूपुरतीच धरली. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. त्या १९९० साठी आपल्या लोकांनी किती वर्षं रस्ते झिजवले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारनं न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुदुच्चेरीच्या एका बाईचं प्रकरण निकालात काढलं. बाप्तिस्मा झालाय, चर्चला नेमानं जाते, मग नुसत्या नोकरीसाठी हिंदू असल्याचं सांगून दाखला मागता येणार नाही. म्हणजे देवळात जाणं हा पुरावा. तिथं उभं राहून बोलणं हा तर किती मोठा पुरावा!

माझी धाकटी बहीण नर्सिंगला आहे. तिची जात पडताळणी चालू आहे. माझा बाप तोच तिचा बाप.

आई म्हणाली, "बोल बाबा, तुझी पाळी हाय. पर वहीत नाव घालू दिऊ नको. आन ते मोबाईलवर फोटू टाकत्यात, ते नको." आई द्राक्षाच्या बागांत विरळणीला जायची, नाशिककडं. मान वर करून करून तिच्या मणक्यांची वाट लागली. त्या पैशातनं आम्ही वाढलो. तिला मी सत्य सांगायला लागलो की ती माझ्या ताटात भाकरी वाढते, दुसरं काही बोलत नाही.

आता कुणी म्हणेल, हे ढोंग आहे. एका तोंडानं हिंदू, एका तोंडानं ख्रिस्ती. हो, आहे. पण त्या कागदावर 'महार' हे खोटं आहे काय? गावात पाणी भरायला गेलेल्या आजीला कुणी विचारलं नव्हतं, बाई तुझा बाप्तिस्मा झालाय का? शिवी देणारा देवळाची पाटी वाचत नाही. कागदच तेवढा वाचतो.

तर रविवार. सातला गिरणीतून सुटलो, अंगावरची कापसाची फूस झटकली, आंघोळ केली, गेलो. पस्तीस-चाळीस माणसं. मत्तय वीस वाचायला लावलं. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो, मजूर लावतो, एक दीनार ठरवतो. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला. संध्याकाळी पाचला जातो तर अजून माणसं उभी. दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटच्यापासून सुरुवात, आणि सगळ्यांना सारखीच. पहाटेचे कुरकुरतात.

मी म्हणालो, ही गोष्ट पाळकसाहेब सांगतात तेव्हा देवाची कृपा म्हणून सांगतात. मी गिरणीतला माणूस, मला तिच्यात गेट दिसतं. कंत्राटी पोरं पाळीच्या वेळेला गेटवर उभी असतात, मुकादम बोट दाखवेल तेवढी आत. पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभा राहिलेला माणूस आळशी नव्हता. त्याला कुणी लावलं नव्हतं. आपण शंभर पिढ्या त्या नाक्यावर उभे होतो. इथपर्यंत माना हलत होत्या. 'आमेन' पण आला एक-दोनदा.

मग मी म्हणालो, पण आपल्या ह्या चार भिंतींच्या आत पहाटेचे मजूर कोण आणि पाचचे कोण? प्याल्याची रांग लागते तेव्हा शेवटी कोण असतं? येशूनं मजुरी शेवटच्यापासून वाटायला लावली. आपण प्याला पहिल्यापासून वाटतो. महार आधी, मांग मागून. आजोबांच्या काळापासून. मी स्वतः आजपर्यंत आधीच प्यालोय.

कुणी हललं नाही. पंख्याचा आवाज येत होता. माझे गुडघे कापत होते. खरं सांगतो, मोर्चात घोषणा देताना कधी कापले नव्हते. तिथं समोर सरकार असतं. इथं समोर काका, मामा, आई.

मी बसलो. शेवटचं गीत झालं. गवंडी काका, तेच मंडळीतले वडील, बाहेर आल्यावर म्हणाले, "देवाच्या घरात राजकारण नको आणत जाऊ." अंगणवाडीच्या ताईंनी नुसता हात दाबला. नानी काहीच बोलली नाही. तिच्याकडून शाबासकीची माझी अपेक्षा होती हे मला तेव्हा कळलं, आणि स्वतःचा राग आला.

काकांनी पेटीवर वही उघडली. तारीख लिहिली. मत्तय २० लिहिलं. पेन थांबलं. रागावलेले होते तरी त्यांनी मला विचारलं नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. खाली मान घालून लिहिलं, 'एक भाऊ'. त्या रागाच्या माणसानं माझ्या बहिणीला सांभाळलं.

सोमवारी चहाच्या सुट्टीत जोडीदाराला सगळं सांगून टाकलं. शनिवारचं गाणं गाणं नव्हतं. तो बराच वेळ कप फिरवत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, तू आपला नाहीस. तो म्हणाला, "त्या प्याल्याचं बोललास ते बेस केलं. पर मला एक सांग, आपल्या जयंतीच्या कमिटीत मांगवाड्यातला एक तरी हाय का? हे तू अभ्यासमंडळात कधी बोलणार?" भोंगा झाला. आम्ही आत गेलो. मी अजून बोललेलो नाही. म्हणून इथं लिहितोय.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. पाळकसाहेब आले. रांग लागली, नेहमीसारखीच. मी उठलो नाही लवकर. सगळ्यात मागं, नानीच्या मागं जाऊन उभा राहिलो. लोक बघत होते. नानीनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "हितं कशाला घुसलास? रातपाळी करून आलायस, डोळं बघ कसं झाल्यात. सरक म्होरं." मी म्हणालो, नाही नानी. ती म्हणाली, "मग सरळ तरी हुबा ऱ्हा. पाय दितोस माझ्या लुगड्यावर."

संपादकांना मी सांगितलंय, ह्याच्याखाली माझं कवितेचं नाव घालू नका. त्या नावानं गिरणीत पुष्कळ जण ओळखतात. बहिणीचा कागद अजून समितीकडं पडून आहे.